मावळ संपतो कुठे?

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास. दोन्ही गावांमधलं अंतर रेल्वेने ६४ किलोमीटर. लोकलच्या खिडकीत बसलेला माणूस दीड तासात पाच-सहा पट कमी पावसाच्या मुलखात पोचतो, आणि पाऊस कुठल्या स्टेशनावर घटला ते त्याला सांगता येत नाही. मळवलीला लोहगड-विसापूर अगदी खिडकीशी आलेले असतात. कामशेतला भातखाचरं. कान्हे, वडगाव करत तळेगाव येईपर्यंत माळ दिसायला लागतो, पण मध्येच एखादं खाचर पुन्हा डोकावून जातं. घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आणि आकुर्डीपासून कारखान्यांची पत्र्याची छपरं. दापोडीनंतर मुळा ओलांडली की पुणे लागलं म्हणायचं, तेही कागदावर.

जुन्या माणसांनी या पट्ट्याचे दोन भाग पाडले होते, मावळ आणि देश. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची खोरी. या वाटेवर ती आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. देश म्हणजे पूर्वेचं मोकळं पठार, बाजरी-ज्वारीचं. मावळ संपतो कुठे, असं तळेगावात विचारलं तर बोट पूर्वेकडे जातं, चिंचवडात विचारलं तर पश्चिमेकडे. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही.

शेतीशास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडला असणार. महाराष्ट्राचे हवामानानुसार नऊ कृषी विभाग पाडले गेले, तेव्हा घाटमाथ्याचा एक विभाग झाला आणि पूर्वेकडचा अवर्षणप्रवण एक. पण घाटमाथा संपून अवर्षण कुठून सुरू होतं ते सांगणं अवघड, म्हणून मधल्या जागेलाच नाव मिळालं: संक्रमण विभाग. त्यालाही दोन तुकडे, डोंगराला लागून असलेला पहिला आणि मैदानाकडचा दुसरा. रेषा आखता येईना म्हणून रेषेलाच रुंदी दिली, असा हा प्रकार. सरकारी दप्तरात इतकं प्रामाणिक नाव क्वचित सापडतं.

या मधल्या मुलखाचं पीकही मधलंच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हा वाण बाहेर पडला. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा तो संकर. वास आंबेमोहोराची आठवण करून देणारा, उतारा त्याच्यापेक्षा चांगला, आणि शिजला की किंचित चिकट. पुण्या-पिंपरीच्या घरांत आज तो रोजचा भात झाला आहे. मावळातून उत्तर-पूर्वेला उतरलं की चाकण. तिथला बाजार कांद्या-बटाट्याचा. भामा नदीच्या काठची काळी, माळावरची मुरमाड, आणि या दोहोंच्या मध्ये शेतकरी ज्यांना धड काळी म्हणत नाही आणि धड बरडही म्हणत नाही, अशी वावरं.

गावांच्या हद्दींचंही तसंच होतं. मराठीत हद्दीला शीव म्हणतात आणि गावच्या सगळ्या रानाला शिवार. एका शिवाराची कड दुसऱ्याला जिथे भिडते तिथे पूर्वी ओढा असे, एखादं वडाचं झाड असे, शेंदूर फासलेला म्हसोबा असे, नाहीतर नुसती दोन्ही गावांची गुरं चरायची अशी पडीक जमीन. गावाची वस्ती गावकुसाच्या आत. वेशीत माणूस अडवता येई, शिवेवर नाही. शीव ही एक पट्टी होती. पिकाच्या दिवसांत ती अरुंद होई, दुष्काळात रुंद. वाद पेटला की मग मात्र नेमकी जागा दाखवावी लागे, आणि ती दाखवण्याचं काम बहुतेकदा गावच्या महाराकडे येई. शिवेच्या वादात त्याची साक्ष मानली जाई. तो पुढे चालायचा, त्याच्या पावलांवर हद्द ठरायची. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधू दिलं नाही, त्याच्याच शब्दावर गावाची कड ठरत होती. मराठी ग्रामव्यवस्थेतला हा विरोधाभास इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी घाईघाईने उरकला जातो.

पक्की धार असलेली हद्द या मुलखात एकाच प्रकारच्या जागेला होती, भुईकोट किल्ल्याला. चाकणचा संग्रामदुर्ग तसाच. सपाटीवरची तटबंदी, बुरूज आणि भोवती खंदक. आत म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर. जून १६६० मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून अधिक दिवस तो झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडवला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. मोगलांनी त्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं, लोकांनी चाकणच म्हटलं. डोंगरी किल्ल्याला उतार राखतो. भुईकोटाला ती सोय नसते, त्याचं सगळं बळ त्या एका रेषेत असतं. ती एका जागी फुटली की आतलं सगळं उघडं पडतं.

इंग्रजांना मात्र सगळीकडेच रेषा हव्या होत्या, कारण सारा रेषेवरच बसवता येतो. पुणे जिल्ह्यात पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल या अधिकाऱ्याचा, १८२०च्या दशकाच्या अखेरीस. जमिनीच्या प्रती त्याने फार बारकाईने पाडल्या आणि हिशेब कोलमडला. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात रुजली. त्यात जमिनीच्या नऊ प्रती: पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. काळीची खोली मोजायची, चुनखडी, वाळू, ओल, उतार असे दोष पाहायचे आणि एक एक पायरी खाली यायचं. याला प्रतबंदी म्हणत. शेताच्या बांधाला दगड लागले, सर्व्हे नंबर पडले. काळीची मुरमाड होताना जमीन पावलापावलाने बदलते; प्रतबंदीने तिच्या नऊ पायऱ्या केल्या. वाईट केलं असं नव्हे. सारा आकारायला काहीतरी आकडा लागतोच. पण ‘ही जमीन बारा आण्यांची’ हे वाक्य मातीविषयी कमी आणि कचेरीविषयी जास्त सांगतं, हे शेतकऱ्याला तेव्हाही ठाऊक होतं.

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी १८५८ मध्ये धावली, भोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पुरा झाला. रुळाच्या कडेला लगेच काही उगवलं नाही. चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीचं देवस्थान म्हणून माहीत होतं, पिंपरी फारशी कुणाला माहीत नव्हती. तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेला. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी बसली. तिची बाजारपेठ झाली तरी नाव ‘कॅम्प’च राहिलं. आणि १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. ‘एचए’ हे दोन अक्षरी नाव आज तिथे बस थांब्यालाही आहे.

त्यानंतरचं वेगाने झालं, तरी एका दिवसात झालं नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, पाठोपाठ बजाज टेम्पो आला. औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झालं आणि भोसरी-चिंचवडच्या शेतांवर प्लॉट पडू लागले. १९६६ मध्ये टाटांची टेल्को आली. तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी कारखान्याच्या उजाड जागेवर आधी झाडं लावली, पाणी अडवून तळं केलं, आणि वर्कशॉपच्या शेजारी पाणपक्षी उतरू लागले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, वाकड, रावेत, किवळे अशी आणखी गावं आत आली. २००१च्या जनगणनेत शहर दहा लाखांवर होतं, २०११ मध्ये १७ लाख २७ हजार.

ही झाली अधिसूचनांची यादी. पण अधिसूचना निघाली त्या दिवशी गावात काय बदललं? पहिल्या पिढीचा कामगार म्हशीची धार काढून फर्स्ट शिफ्टला जायचा आणि दुपारी घरी येऊन शेतावर. ज्वारीच्या वावरात आधी एक खोली उठली, भाड्याने द्यायला. मग चार. मग एका खोलीत कुणीतरी लेथ बसवला. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेली माणसं त्या खोल्यांत राहिली. अजूनही गावठाणात मारुतीचं देऊळ आणि तालीम, त्याला लागून चाळी, त्यामागे सोसायट्यांचे मनोरे, आणि मनोऱ्यांच्या पार्किंगपलीकडे एका गुंठ्यात लावलेली मेथी. पिंपळे-सौदागर कोणत्या वर्षी गाव राहिलं नाही, हे कुणाला सांगता यायचं नाही. यात्रा भरते, बैलगाडा पळतो. खेड-मावळ भागात ज्या चढावर बैलगाडे पळतात त्याला घाट म्हणतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरमध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. घाटाशेजारी आता मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या शेड आहेत, आणि गाडामालकांतच शेडमालकही सापडतात.

त्या शेडमध्ये शिरल्यावर हाच प्रश्न लोखंडात भेटतो.

मोटारीच्या गिअरबॉक्समधला दातेरी गिअर घ्या. त्याचा दात वरून कठीण हवा, नाहीतर घासून झिजेल. आतून चिवट हवा, नाहीतर पहिल्याच झटक्याला तुटेल. एकाच पोलादाकडून दोन उलट्या मागण्या. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये यावर जे करतात त्याला केस हार्डनिंग म्हणतात. कमी कार्बनचं, साधारण ०.२ टक्क्याचं मिश्र पोलाद भट्टीत ९००-९३० अंशांवर तासन्‌तास कार्बनयुक्त वायूत ठेवायचं. कार्बन पृष्ठभागातून हळूहळू आत मुरतो. वर तो ०.८ टक्क्यांच्या आसपास भरतो, आत जावं तसा घटत घटत मूळच्या ०.२ वर येतो. मग तेलात विझवायचं. वरचं कवच काचेसारखं कठीण, गाभा चिवट. या दोघांच्या मध्ये कुठेही सांधा नाही, आणि नाही म्हणूनच गिअर टिकतो. कठीण थर वेगळा बनवून नुसता चिकटवला असता तर भार आला की तो पापुद्र्यासारखा सुटला असता.

पण गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: केसची खोली ०.८ ते १.२ मिलिमीटर. आणि तपासणाऱ्यासमोर तोच शिवेचा वाद उभा राहतो. केस संपते कुठे? तो गिअरचा दात कापतो, बेकेलाइटमध्ये बसवतो, आरशासारखा घासतो आणि हिऱ्याच्या बारीक टोकाने पृष्ठभागापासून आत, दशांश मिलिमीटरच्या अंतराने, ठसे उमटवत जातो. प्रत्येक ठशाचा कर्ण मोजून कठीणपणा काढतो. सातशेच्या वर, मग साडेसहाशे, सहाशे, पाचशे ऐंशी. आकडे उतरतच जातात, कुठे पायरी येत नाही. म्हणून जगभरच्या कारखान्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे: जिथे कठीणपणा ५५० विकर्स होतो तिथे केस संपली असं मानायचं. ५५० वर लोखंडात काहीही घडत नाही. मानायला एक आकडा पाहिजे होता, तो ठरला. महाराच्या पावलांना जेवढा अर्थ होता तेवढाच त्या हिऱ्याच्या ठशाला आहे, आणि त्यावर कोट्यवधींचा माल पास किंवा रिजेक्ट होतो.

कोपऱ्यांचा हिशेबही असाच. ड्रॉइंगवर शाफ्टचा जाड भाग जिथे बारीक होतो तिथे ‘आर ५’ लिहिलेलं असतं. शॉपमध्ये त्याला ‘पाचचा आर’ म्हणतात. म्हणजे तिथे काटकोन नको, पाच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्या. नव्या ऑपरेटरला सुरुवातीला हे नटवेपणाचं वाटतं. जुना सांगतो, हा आर चुकला तर शाफ्ट इथेच जाणार. या एका वाक्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी रँकिन या बावीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनिअरने आगगाड्यांचे आस का मोडतात यावर निबंध वाचला. त्याला दिसलं की भेग नेमकी तिथेच जन्म घेते जिथे जाडी एकदम बदलते, आणि मग ती रोज थोडी थोडी आत सरकते. त्याचा उपाय साधा होता: खांद्याशी मोठी गोलाई ठेवा. जर्मनीत व्योलर या इंजिनिअरने पुढे आस हजारो-लाखो वेळा वाकवून हेच आकड्यांत बसवलं. ओतकामाच्या साच्यालाही तोच नियम. कोपरा तीक्ष्ण ठेवला तर थंड होताना बीड तिथेच तडकतं. पत्रा दाबतानाही: डायची गोलाई लहान पडली तर पत्रा फाटतो. जास्त झाली तर सुरकुत्या पडतात, हा मात्र पत्र्याचा स्वतःचा हट्ट.

आकुर्डीच्या स्कूटरचा आकार तरी कुठून आला? व्हेस्पा आखणारा कोरादिनो दास्कानियो हा मुळात विमानांचा माणूस. १९४६ मध्ये त्याने गाडीला वेगळा सांगाडाच दिला नाही. पायठेव वळून समोरची ढाल होते, मागे फुगून इंजिनाचं पोट होते, आणि सगळा पत्राच भार पेलतो. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्जोशी करार संपल्यावर बजाजने १९७२ पासून ‘चेतक’ काढली, तिचं अंग त्याच घराण्यातलं. चेतक एका बाजूला जरा झुकवून किक मारणारे वडील महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी पाहिले. त्या गाडीवर हात फिरवला तर पत्र्याचा एक भाग कुठे संपला ते बोटांना कळत नसे. आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं आणि २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवरची चेतक बनू लागली. पत्र्याचं अंग तिनेही सोडलेलं नाही. मोटारीच्या स्टुडिओत आज हीच गोलाई संगणकावर तपासतात, पृष्ठभागावर पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडून. पट्टी कुठे मोडली की समजायचं, वळणाचा सांधा उघडा पडलाय. रस्त्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला संगणक लागत नाही. चंदेरी मेटॅलिक गाडीच्या एका दारावर ओरखडा आला तर तो फक्त दार रंगवत नाही, शेजारच्या पत्र्यावरही रंगाचा फवारा विरळ करत नेतो. नाहीतर पॅच दिसतो आणि गिऱ्हाईक पैसे कापतं.

धातूबाबत इतकं जाणणाऱ्या या पट्ट्याचा नकाशा मात्र कात्रीने कापल्यासारखा आहे. चाकण पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही, पण २०१८ मध्ये निघालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभा मतदारसंघात, भोसरी शिरूरमध्ये. आणि हा मावळ मतदारसंघ २००९च्या निवडणुकीपासून घाट उतरून कर्जत, पनवेल, उरणपर्यंत गेला आहे. पवन मावळातल्या भातवाल्याचा आणि उरणच्या मच्छीमाराचा खासदार एक. निगडीच्या आणि भोसरीच्या कामगाराचे दोन. मध्ये देहूरोडचं कॅन्टोन्मेंट. बसगाड्यांच्याही पीएमटी आणि पीसीएमटी अशा दोन संस्था होत्या, त्या २००७ मध्ये एक झाल्या. शहराच्या कडेला जकात नाके होते आणि त्यांच्यासमोर ट्रकांच्या रांगा. त्या जकातीवरच आशियातली सर्वांत श्रीमंत नगरपालिका ही बिरुदावली मिळाली होती. २०१३ मध्ये जकात गेली. चाकणला म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, भांबोली या गावांच्या शिवारात टप्प्याटप्प्याने एमआयडीसी पसरली. २००९ च्या सुमारास जर्मन मोटारींचे कारखाने तिथे उभे राहिले. प्लॉटच्या आत सहापदरी काँक्रीट, कंपाउंडची भिंत संपली की बैलगाडी जाईल एवढी वाट आणि तिच्यावर कंटेनर. चाकणच्या वाहतूककोंडीबद्दल रोज बोललं जातं. ती कोंडी नेमकी या सांध्यावर होते.

एक सांधा रक्ताने आठवतो. पवना धरणाचं पाणी नदीत सोडायचं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर शहराने ते उचलायचं, अशी रीत होती आणि आहे. नदी वाहताना वाटेतली गावं आपापल्या मोटरी लावतात, विहिरींना पाझर फुटतो, काही पाणी जिरतं, काही उडतं. महापालिकेच्या हिशेबात ही गळती. मावळच्या शेतकऱ्याच्या हिशेबात हीच नदी. मग धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. पाइपला काठ नसतो. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्सप्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. कामाला मिळालेली स्थगिती २०२३ मध्ये उठली, वाद उठलेला नाही. शहराला पाणी पाहिजे हे खरंच आहे, सतरा लाखांचं शहर कधीच मागे पडलं. पण कार्बन मुरायला तासन्‌तास देणारा हा मुलूख माणसांच्या बाबतीत एकदम काटकोनात वळायला गेला, असं म्हटल्यावाचून राहवत नाही.

इतकं झाल्यावर वाटेल की रेषा वाईट आणि उतार चांगला. इंद्रायणी तसं वाटू देत नाही.

ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि कामशेत, वडगाव, देहू, मोशी करत आळंदीला येते. तुकोबांच्या गावातून ज्ञानोबांच्या गावात. आळंदीच्या घाटावर गेली काही वर्षं पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो, कधी कधी ऐन वारीच्या दिवसांत, आणि वारकरी तो हाताने बाजूला सारून डुबकी घेतात. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यामुळे हे होतं, इतपत सगळे मान्य करतात. पुढचं कुणी करत नाही, कारण पाणी कुठल्या गावाशी खराब झालं ते दाखवता येत नाही. लोणावळ्यापासून थोडं, तळेगावपासून थोडं, देहूपासून थोडं, शहराच्या कडेने बरंच. नगरपरिषद वरच्या गावाकडे बोट करते, महापालिका पलीकडच्या काठाकडे, एमआयडीसी नागरी नाल्यांकडे. प्रत्येकाच्या हद्दीत पाणी येताना आधीच गढूळ असतं आणि जाताना जरासंच आणखी. इथे उतार सगळ्यांच्या सोयीचा आहे. गिअरच्या दाताला निदान ५५० चा आकडा आहे. या नदीत उभं राहून ‘इथून पुढचं तुझं’ म्हणणारा, शीव चालून दाखवणारा कुणी उरलेला नाही.

आळंदीपासून पुढे नदी चऱ्होलीला वळसा घालून तुळापूरला जाते आणि तिथे भीमेला मिळते. चाकणच्या शिवारातून आलेली भामाही तिथवर भीमेत येऊन पोचलेली असते.